आधी भिंत मोजा, मग इंजिन

वाचकांचे प्रश्न : वाफेच्या इंजिनांची मॉडेलं

मागच्या अंकात माळ्यावर पडलेल्या माझ्या अर्धवट डब्ल्यूपी (आपल्या ब्रॉडगेजवरचं वाफेचं इंजिन) मॉडेलाबद्दल मी पाच-सहा ओळी लिहिल्या काय, संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. त्यातली थोडी इथे घेतो. ओळख म्हणून एवढंच, की पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, राहतो कसब्यात, आणि बोटांना तेल लागल्याशिवाय मला जेवण जात नाही. रेल्वेत मी एक दिवसही नव्हतो. काही जणांनी ‘लोको फोरमनसाहेब’ असा मायना लिहिलाय, तो साभार परत.

प्रश्न : जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून आल्यापासून आमच्या ११ वर्षांच्या चिरंजीवांनी अमेरिकेच्या ‘बिग बॉय’ इंजिनाचा ध्यास घेतला आहे. फ्लॅट दोन बेडरूमचा. कुठल्या मापाचं घ्यावं? (कोथरूड)

मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. आमच्या लहानपणी पेशवे पार्कातली फुलराणी हीच आमची बिग बॉय होती, आणि तिच्यासाठीसुद्धा रांग लावावी लागायची.

पोराची निवड भारी आहे, पण आधी तुम्ही टेप घेऊन उठा. बिग बॉय ही युनियन पॅसिफिक रेल्वेनं १९४१ ते १९४४ या काळात बांधून घेतलेली २५ इंजिनं. नाव कंपनीनं दिलेलं नाही. कारखान्यातल्या कुणा कामगारानं पहिल्या इंजिनाच्या तोंडावर खडूनं लिहिलं, ते चिकटलं. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, लांबी साधारण ४०.५ मीटर. पीएमपीच्या १२ मीटरच्या तीन बस एकीला एक लावून उभ्या केल्या तरी इंजिन साडेचार मीटर पुढे उरतं. २५ पैकी ८ शिल्लक आहेत, आणि ४०१४ नंबरचं तर २०१९ साली पुन्हा वाफेवर धावायला लागलं.

आता भागाकार करा. तुम्ही संग्रहालयात पाहिलंत ते एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्या मापात बिग बॉय साडेशेचाळीस सेंटिमीटर भरतं. एन मापात, म्हणजे १६० पट लहान केलं, तर २५ सेंटिमीटर, लाटण्यापेक्षा थोडं आखूड. आणि १:३२ ला सव्वा मीटर. ते शोकेसमध्ये मावत नाही, त्याला दिवाण रिकामा करून द्यावा लागतो.

पण लोक इंजिनाची लांबी बघतात आणि वळण विसरतात, तिथे फसतात. घरातलं रूळ म्हणजे शेवटी गोल. बाजारात मिळणारा प्लाय ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे रुंदी १२२ सेंटिमीटर. त्यावर २२ इंच त्रिज्येचं वळण टाकलं की व्यास ११२ सेंटिमीटर, दोन्ही कडांना पाच-पाच सेंटिमीटर उरतात. खऱ्या बिग बॉयमध्ये मागचा चाकांचा संच बॉयलरला पक्का असतो आणि फक्त पुढचा बिजागरीवर वळतो. मॉडेलवाले चलाखी करतात, बऱ्याच मॉडेलांत दोन्ही संच वळते ठेवतात, म्हणून एवढं धूड तसल्या वळणावर निघतं तरी. निघतं, पण बॉयलरचं नाक रुळाबाहेर असं झुलतं, जशी एसटी वळताना तिचं ढुंगण फूटपाथवर येतं. शेजारी दुसरा रूळ टाकलात आणि त्यावर गाडी उभी असेल, तर तिला धक्का बसलाच म्हणून समजा.

दुसरी मेख विजेची. मार्कलिन या जर्मन कंपनीची एचओ इंजिनं तीन वाहकांच्या पद्धतीवर चालतात, मधे ठिपक्यांची तिसरी रेघ असते. रिव्हारोसी, अॅथर्न वगैरेंची साध्या दोन रुळांवर. दोन्ही एचओच, दोन्हीत दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरच, आणि तरी एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीकडून जर्मनीहून इंजिन मागवलं आणि रूळ इथे घेतले. ते इंजिन आता टीव्हीशेजारी उभं असतं.

माझा सल्ला विचाराल तर यंदा दोन रुळांचा साधा संच आणि एखादं छोटं सहा चाकी इंजिन घ्या. पोराला स्वतःच्या हातानं रूळ जोडू द्या, डबे घसरू द्या. पुढच्या वर्षी तो स्वतःच येऊन सांगेल की बाबा, वळण मोठं केल्याशिवाय बिग बॉय नको. बिग बॉय बाहेरूनच मागवावं लागतं. किंमत लिहीत नाही, कारण डॉलर आणि कस्टम दोन्ही अंक छापून होईपर्यंत बदलतात.

प्रश्न : जुन्या बाजारात एकानं पितळी इंजिन ‘ब्रिटिश काळातलं’ म्हणून दाखवलं. वजनदार आहे. घ्यावं का? (सोमवार पेठ)

वजनावर जाऊ नका, वजन तर खलबत्त्यालाही असतं. इंजिन उलटं करा आणि डाव्या-उजव्या चाकांवरच्या खिळी बघा, जिथे दांडा जोडलेला असतो. खऱ्या इंजिनात डावी खीळ वर असेल तर उजवी पाव फेरा पुढे किंवा मागे असते, म्हणजे दोन्ही बाजू एकदम अडून बसत नाहीत. दोन्ही खिळी एकाच कोनात असतील, तर करणाऱ्यानं इंजिन फक्त चित्रात पाहिलंय. शोभेची वस्तू म्हणून पितळेच्या भावानं मिळत असेल तर खुशाल घ्या. आणि रविवारी जा, बुधवारी नको, रविवारी दुसरे दोन विक्रेते तेच इंजिन घेऊन बसलेले दिसतील.

प्रश्न : माझे वडील मध्य रेल्वेत होते, आधी फायरमन, मग ड्रायव्हर. उमेदीची वर्षं डब्ल्यूपीवर गेली. डिसेंबरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. भावानं लंडनहून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंग्लिश इंजिनाचं सुंदर मॉडेल आणलं. बाबांनी हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, ‘छान आहे, पण याला नाक कुठाय?’ डब्ल्यूपीचं मॉडेल मिळेल का? (हडपसर)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा सौ.ला वाचून दाखवलं.

तुमच्या बाबांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. स्कॉट्समन आणि डब्ल्यूपी दोन्हींची चाकं ४-६-२, म्हणजे पुढे चार छोटी, मधे सहा मोठी आणि मागे दोन, याच मांडणीची, नात्यानं चुलत भाऊच. पण डब्ल्यूपीचं ते गोळीसारखं फुगीर टोकदार नाक आणि त्यावरची चांदणी स्कॉट्समनला कुठून असणार? पहिली १६ अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून १९४७ साली आली आणि १९६७ पर्यंत एकूण ७५५ झाली. मी ती पहिल्यांदा दौंडला मामाकडे पाहिली. आम्हा पुण्याच्या पोरांना मुंबईच्या बाजूला वाफ ठाऊकच नव्हती, घाट १९३० च्या सुमारालाच विजेवर गेलेला. पुणे स्टेशनात विजेचं इंजिन सुटायचं आणि दौंडकडे जायला काळं इंजिन लागायचं. त्या अदलाबदलीच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी आम्ही प्लॅटफॉर्म तिकीट काढायचो.

तयार मॉडेलाचं म्हणाल, तर मोठ्या परदेशी कंपन्यांच्या ज्या याद्या मी चाळल्या त्यांत डब्ल्यूपी मला कधी दिसलेली नाही. त्यामागे रुळाचंही कारण आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तिकडचा १४३५ चा. ८७ नं भागलं तर आपला रूळ १९.३ मिलिमीटर यायला हवा आणि बाजारात मिळतो १६.५ चा. त्यावर डब्ल्यूपी उभी केली की मोठ्या माणसानं लहानपणीची चप्पल घातल्यासारखी दिसते. आपल्याला नाही कळणार कदाचित. तुमच्या बाबांना दारातूनच कळेल.

म्हणून चालणारं नको, बघण्याचं करा, आणि ते इथेच करून घ्या. माप १:३२ धरा. खरी डब्ल्यूपी टेंडरसकट साधारण २४ मीटर, म्हणजे मॉडेल ७५ सेंटिमीटर होईल. ८० वर्षांच्या डोळ्यांना एवढं हवंच, आणि बोट फिरवून बघायलाही. रूळ विकत घेऊ नका. दोन पितळी पट्ट्या आतल्या बाजूनं ५२.४ मिलिमीटर अंतरावर सागाच्या स्लीपरांवर ठोका, ब्रॉडगेज तयार.

बॉयलरला नळाचा पीव्हीसी पाइप. ६३ मिलिमीटरचा पाइप ३२ नं गुणला की दोन मीटरच्या किंचित वर जातो, ५० चा १.६ मीटर. ड्रॉइंगवरचा आकडा या दोन्हींच्या मधे जिथे पडेल तिथवर ५० च्या पाइपावर जाड कार्डशीट गुंडाळा. अंगाची झाकणं, केबिन, टेंडर सगळं कार्डशीट किंवा पातळ प्लॅस्टिक शीटचं. भोसरीत लेझर कटिंगवाले आहेत, चाकांचे आरे त्यांच्याकडून कापून घ्या, हातानं करायला गेलात तर डिसेंबर निघून जाईल. मधली सहा मोठी चाकं ६७ इंच व्यासाची, ३२ नं भागून ५३ मिलिमीटर.

नाक मात्र कातारी माणसाकडून लाकडात कातून घ्या. भोवरे कातणाऱ्याला ते दहा मिनिटांचं काम. थ्रीडी प्रिंटरवरही होतं, पण त्यावर थरांच्या रेघा राहतात, आणि तुमचे बाबा नेमका नाकावरूनच हात फिरवणार आहेत.

खरं महत्त्वाचं आता सांगतो. हे सगळं गुपचूप करू नका. लोकांना वाढदिवसाला कापड ओढून दाखवायची हौस असते, ती या खेपेला सोडा. बाबांना आत्ताच विचारा, तुमच्या इंजिनाचा नंबर काय होता. त्यांना तो स्वतःच्या फोन नंबरपेक्षा पक्का आठवत असेल. विचारा, पट्टे कुठल्या रंगाचे होते, चांदणी रंगवलेली होती का पत्र्याची, तेलाची बुधली कुठे ठेवायचे, डबा कशावर गरम करायचे. प्रत्येक शेड आपापल्या पद्धतीनं इंजिन नटवायची, ते कुठल्या ड्रॉइंगमध्ये सापडणार? केबिनमध्ये माणसं तीन ठेवा. एक ड्रायव्हर, एक फायरमन शेगडीत कोळसा मारणारा आणि एक मागे टेंडरवर कोळसा फोडणारा. बाबा नोकरीत आधी त्या मागच्या जागी असतील, मग मधल्या, मग पुढच्या. कोण कुठे उभं राहतं हे त्यांनाच ठेवायला सांगा.

आणि त्यांचं अंग साथ देत असेल तर हिवाळ्यात रेवाडीला घेऊन जा. हरियाणात आहे, दिल्लीहून फार लांब नाही. तिथल्या वाफेच्या शेडमध्ये ‘आझाद’ नावाची ७२०० नंबरची डब्ल्यूपी आहे, बाल्डविनची, १९४७ ची. ‘अकबर’ ७१६१ ही पण तिथलीच. तिथे नाकाची मापं स्वतःच घ्या. फोटो काढताना शेजारी एक फुटपट्टी धरा, नाहीतर घरी आल्यावर फोटोवरून काहीच मोजता येत नाही. हा धडा मी दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ३६ फोटोंचा रोल वाया घालवून शिकलो.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच इंची रुळावर खरी वाफेवर चालणारी डब्ल्यूपी बनवायची आहे, माणूस बसून जाईल अशी. बॉयलरसाठी जुनी गॅसची टाकी वापरायचा विचार आहे. लेथ कॉलेजात आहे. बॉयलरला कायद्याची काही अडचण येईल का? (कात्रज)

टाकी आधी भंगारवाल्याला परत दे, मग पुढचं वाच. दिलीस? बरं.

तुझं पत्र वाचून मला २००७ सालचा मी दिसलो, फरक एवढाच की माझं तेव्हा लग्नाचं वय उलटून पोरं कॉलेजात होती. मीही पाच इंचातच सुरुवात केली. गंमत बघ, आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. १:१२ केलं की बरोबर साडेपाच इंच येतात, एक सुतसुद्धा इकडे-तिकडे नाही. पण जगात साडेपाच इंची रूळ कुणी घालत नाही, पाच इंची घालतात. मग एक तर १:१३.२ असं अडनिडं माप घ्यायचं, नाहीतर १:१२ ठेवून चाकं अर्धा इंच आत घ्यायची. मी दुसरं केलं. मधलं मोठं चाक १४२ मिलिमीटरचं. सहा चाकं कोल्हापुरात बिडात ओतून आणली. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, करताना लक्षात ठेव, बीड थंड होताना साधारण १ टक्का आक्रसतं, म्हणून लाकूड तेवढं मोठं करायचं, वर मशिनिंगला मटेरियल सोडायचं ते वेगळं.

आणि वजन! खरी डब्ल्यूपी टेंडरसकट १७० टनांच्या आसपास. लांबी १२ पट कमी केली की वजन १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १७२८ पटीनं कमी होतं. भाग दे. शंभर किलोच्या आत-बाहेर येतं. लांबी दोन मीटर. तू कितव्या मजल्यावर राहतोस ते लिहिलं नाहीस. मी तिसऱ्यावर, आणि वाड्याचा जिना गेल्यावर जी इमारत आली तिच्या लिफ्टमध्ये दोन मीटरची वस्तू आडवी काय, तिरपीसुद्धा जात नाही.

आता बॉयलर. तुझ्या घरी आजीच्या काळचा तांब्याचा बंब असेल तर काढ आणि बघ. मधे नळा, नळ्यात जाळ, भोवती पाणी. रेल्वे इंजिनाचा बॉयलर म्हणजे तो बंब आडवा केला, एका नळ्याच्या जागी शंभरावर नळ्या घातल्या आणि तोंड बंद केलं. सगळा खेळ त्या बंद तोंडाचा. उघड्या बंबात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि वाफ निघून जाते. ८० पौंडांच्या दाबाखाली तेच पाणी १६० अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. पत्रा फाटला तर त्या तापलेल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. ती जागा ती तुझ्या तोंडासमोरून घेणार. म्हणून आतून किती गंजलीय हे दिसत नाही अशी लोखंडी टाकी नको, आणि कथलाचा डाग तर मुळीच नको. साधं कथील-शिशाचं झाळण १८३ अंशांना पाणी होतं आणि त्याच्या कितीतरी आधी ढिलं पडतं. तांब्याचा पत्रा आणि चांदीचं झाळण, दुसरा मार्ग नाही.

मी पत्रा तांबट आळीतून घेतला. ज्यांच्याकडून घेतला त्यांचे हात बघत बसावे असे. तांबं लाल करून पाण्यात टाकलं की मऊ पडतं, पोलादाच्या अगदी उलट, हे पुस्तकात वाचलं होतं पण किती लाल हे त्यांच्या अंगणात कळलं. बॉयलरचं नळकांडं बघून ते म्हणाले, ‘नुसतं गुळगुळीत कसं दिसेल, मठारकाम करून देऊ का वर?’ मी नको म्हटलं. आज वाटतं, करू द्यायला हवं होतं.

सांधे मी घरी केले, आणि तिथे घाई नडली. तांबं उष्णता अशी पळवतं की एका टॉर्चनं एक टोक लाल होईपर्यंत दुसरं गार होतं. दोन टॉर्च लागतात आणि दुसरी धरायला भरवशाचा माणूस. मी एकट्यानं केलं. टाकणखार लावला, पण आधीच्या तापवणीची काजळी नीट काढली नव्हती. माझी आई बंब चिंचेनं घासून लख्ख करायची तसं आधी करायला हवं होतं, किंवा वाण्याकडचं सायट्रिक अॅसिड पाण्यात घालून रात्रभर बुडवून ठेवायला. मग पाण्याची चाचणी. बॉयलर गार पाण्यानं गच्च भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपानं दाब चढवायचा, चालवायचा त्याच्या दुप्पट. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी फक्त गळतं, उडत नाही. मला १६० पौंड गाठायचे होते. १३० ला शेगडीच्या बाजूच्या एका टेकूपाशी, म्हणजे दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यापाशी, मण्यासारखा थेंब आला. पुसला. परत आला. मग शेजारचा आला. सौ. मागे उभी होती, म्हणाली, ‘गळतंय का?’ मी म्हटलं, ‘घाम आहे.’ तो बॉयलर त्या दिवसापासून माळ्यावर आहे. एक टेकू दुरुस्त करायचा म्हणजे अख्खा बॉयलर पुन्हा लाल करायचा, आणि तसं करताना शेजारचे चांगले सांधे सुटतात.

कायद्याचंही विचारलंयस. बॉयलरच्या कायद्यात २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं पात्र मोजत नाहीत. तुझा बॉयलर त्याच्या खूप आत राहील. म्हणजे तपासायला सरकारी निरीक्षक येणार नाही. म्हणजेच तपासणारा तूच, आणि हे मला सोयीचं नाही, भीतीचं वाटतं. दोन सेफ्टी व्हॉल्व्ह लाव, एक अडकला तर दुसरा.

आणखी एक, ड्रॉइंग जसंच्या तसं लहान करू नकोस. खऱ्याची दोन इंची नळी १२ नं भागलीस तर चार मिलिमीटरची होते आणि अर्ध्या तासात काजळीनं बुजते. मॉडेलात नळ्या कमी आणि त्या मानानं जाड घालतात. इंजिनाचा आकार लहान होतो, पण कोळसा, काजळी आणि पाणी आपल्या मूळ आकाराचेच राहतात.

तेव्हा डब्ल्यूपीचं ड्रॉइंग भिंतीवर लाव आणि हात दुसऱ्या कामाला घाल. साडेतीन इंची रुळावरचं चार चाकांचं छोटं टँक इंजिन (वेगळं टेंडर नसलेलं) घे. ‘टिच’ नावाचं जुनं इंग्लिश डिझाइन आहे, हजारो नवख्यांचे हात त्यावर बसले. ते ज्यांनी काढलं ते एलबीएससी या टोपणनावाचे गृहस्थ, त्यांनी १९२० च्या दशकात अडीच इंची रुळावरच्या कोळशाच्या इंजिनानं मोठा माणूस ओढून दाखवला होता. तेव्हा छोटं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. आधी नुसती चौकट, चाकं, सिलिंडर कर आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेवर फिरवून बघ. वीस-तीस पौंडांत फिरायला हवं. आमच्याकडचा पंक्चरवाला दहा रुपये घेतो आणि चार माणसं जमवतो. फिरलं, तर मला पत्र टाक. बॉयलरची दुसरी टॉर्च धरायला मी येईन.

प्रश्न : भारतातलं सर्वांत मोठं वाफेचं इंजिन कुठलं? त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून करून घ्यायचं आहे. (नागपूर)

सर, उत्तर तुमच्या गावाच्याच नावात आहे. बंगाल नागपूर रेल्वेचं ‘एन’ वर्गाचं गॅरट, मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीचं, २३४ टनांचं. त्यातलं ८१५ नंबरचं दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे. गॅरट म्हणजे दोन इंजिनं पाठीला पाठ लावून उभी करायची आणि मधे झोपाळ्यासारखा बॉयलर टांगायचा. बॉयलरखाली चाकंच नाहीत, म्हणून शेगडी हवी तेवढी रुंद आणि खोल करता येते, आणि एवढं लांब इंजिन वळणावर मधेच मोडल्यासारखं वळतं.

पुठ्ठ्याला याहून सोपं इंजिन नाही. तीन वेगळे तुकडे करा आणि दोन खिळ्यांवर जोडा. पोरं वळवून वळवून खिळे झिजवतील, जाडच घ्या. शेजारी जमलं तर दार्जिलिंगचं १९११ चं एकुलतं गॅरटही करा, चार अधिक चार चाकांचं, त्याच मापात. थोरला आणि धाकटा शेजारी बघून मुलांना मापाचा अर्थ फळ्यापेक्षा लवकर कळतो.

प्रश्न : यजमान निवृत्त झाल्यापासून बाल्कनीत वाफेचं छोटं इंजिन चालवतात. दार्जिलिंगच्या गाडीसारखं आहे, गॅसवर चालतं. आता कोळशाचं आणायचं म्हणताहेत. वास, धूर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर तेलाचे डाग. तुम्हीच काय ते सांगा. (सिंहगड रोड)

वहिनी, कोळसा बाल्कनीत नाही. हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचंही.

गॅसचं ठेवू द्या, पण गॅस भरणं उघड्यावर, देवघराच्या निरांजनापासून लांब. पाणी बोअरचं घालू देऊ नका, आत क्षार धरतो. पावसाचं गाळून ठेवलेलं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड घाला.

डाग स्टीम ऑइलचे आहेत. ते जाड तेल सिलिंडरला वंगण म्हणून वाफेबरोबर जातं आणि धुराड्यातून बारीक तुषार होऊन उडतं. ते उडायला हवंच, उडत नसेल तर आत सुकं चाललंय. तेव्हा इंजिन बंद करण्याऐवजी कपड्यांची दोरी हलवा. डागावर पाणी लावायच्या आधी भांडी घासायचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवा, मग गरम पाणी. सुती कपड्यांचे निघतात. टेरिकॉटचे माझ्या सौ.ला अजून निघालेले नाहीत, ती माझे शर्ट आता वेगळे भिजवते.